गुण या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘गुण’ म्हणजे मार्क आणि ‘गुण’ म्हणजे माणसाच्या अंगचा चांगुलपणाही. त्यामुळे बारावीला चांगले गुण मिळवलेला मुलगा आपोआप गुणी ठरतो, आणि ज्याला ते मिळाले नाहीत त्याच्याबद्दल काय म्हणायचं ते कुणी उघड बोलत नाही. अजंता सुब्रमणियन यांचं ‘द कास्ट ऑफ मेरिट’ इंग्रजीत असल्यामुळे त्यांना हा श्लेष मिळाला नाही. पण त्यांचं पुस्तक या घसरणीबद्दलच आहे. परीक्षेतले मार्क माणसाच्या अंगचे गुण कसे होतात, आणि ते होताना जात, घर, बापाची नोकरी या गोष्टी हिशोबातून कुठे गायब होतात?

सुब्रमणियन मानववंशशास्त्रज्ञ आहेत. हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०१९ मध्ये काढलेलं हे पुस्तक आयआयटी मद्रासभोवती फिरतं. कॅम्पसवरच्या समतेबद्दल बोलायचं म्हटलं की आपण आरक्षणातून आलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करतो. त्यांचे मार्क, त्यांची गळती, त्यांच्या आत्महत्या. या बाईंनी कॅमेरा उलटा फिरवलाय. त्या ‘जनरल’ म्हणवणाऱ्यांकडे बघतात, म्हणजे माझ्याकडे.

सुरुवातीचा इतिहासाचा भाग कंटाळवाणा असेल असं वाटलं होतं. मला तोच सगळ्यात जास्त लागला. आज इंजिनिअर म्हटलं की आपल्याला डोकं आठवतं, हात आठवत नाहीत. पण लोखंड, लाकूड, दगड यांचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या कारागीर जातींकडे होतं. इंग्रजांना बांधकाम खात्यासाठी शिकलेले अधिकारी हवे होते, म्हणून कॉलेजं निघाली. कारागिरांच्या वाट्याला वेगळ्या, खालच्या दर्जाच्या औद्योगिक शाळा आल्या. हातातलं ज्ञान खाली गेलं, कागदावरचं वर. पुस्तकात ही गोष्ट मद्रासची आहे, पण पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेला इंजिनिअरिंगचा वर्ग, ज्याचं पुढे सीओईपी झालं, तोही सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी घडवायलाच होता.

माझे आजोबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसिअर होते. वडील पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनिअर. आमच्या माळ्यावर ड्रॉइंग बोर्ड होता. फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग ड्रॉइंगने अख्ख्या वर्गाला रडवलं, तेव्हा वडिलांनी दिवाळीच्या सुट्टीत जेवणाच्या टेबलावर मला प्रोजेक्शन्स शिकवली. माझा रूममेट ओबीसीतून आला होता, मराठी माध्यमातला, वडील सुतार. लाकडाचा तुकडा हातात फिरवून त्याची तिन्ही बाजूंची आकृती तो मनात बघायचा. शिकवणं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. त्याला ड्रॉइंगला केटी लागली, मी डिस्टिंक्शनमध्ये पास झालो. पुढची चार वर्षं मी स्वतःला ‘व्हिज्युअलायझेशन चांगलं असलेला’ मुलगा समजत होतो. पुस्तकाचं ते प्रकरण वाचताना मी मोबाइल बाजूला ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

पुस्तकातला दुसरा महत्त्वाचा धागा १९५१ चा आहे. मद्रास प्रांतात कॉलेजच्या जागा समाजगटांनुसार वाटणारा सरकारी आदेश होता. चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि त्याला उत्तर म्हणून पहिली घटनादुरुस्ती आली. पुढे मांडणी अशी रुळली की काही लोकांना जात असते आणि बाकीचे नुसते नागरिक असतात. समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनीही ‘जनरल कॅटेगरी’च्या या जातविहीनतेवर लिहिलं आहे. सुब्रमणियन त्यात तामिळनाडूचा पेच जोडतात. तिथे द्रविड चळवळीने ब्राह्मणाला ब्राह्मण म्हणणं कधी थांबवलंच नाही, त्यामुळे जातविहीन होण्याची सोय अपुरी पडली. मग राज्यातल्या आरक्षणापासून लांब असलेली केंद्र सरकारची आयआयटी आसऱ्याची जागा झाली. तिथे अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षण १९७३ मध्ये आलं, ओबीसींसाठी २००८ मध्ये.

आपल्याकडे कॅपच्या याद्या ज्यांनी बघितल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. नावापुढे जीओपनएच, जीएससीएस असे कोड. पहिल्या आठवड्यात हॉस्टेलवर ‘फुल नेम काय?’ हा प्रश्न फिरायचा. माझं आडनाव ऐकून पुढचा प्रश्न कधी आला नाही. तो न येणं ही माझी सवलत होती, हे मला दहा वर्षांनी कळतंय.

जेईईवरच्या प्रकरणात मात्र माझीच गंमत झाली. जुन्या माजी विद्यार्थ्यांच्या बोलण्यात एक सूर सापडतो: आमच्या वेळी उपजत बुद्धी होती, आता नुसती क्लासवाली पोरं येतात. म्हणजे आधी आरक्षणवाल्यांविरुद्ध वापरलेलं मेरिट आता छोट्या गावांतून कोचिंग लावून येणाऱ्यांवर उगारलं जातं. मी लातूरला दोन वर्षं काढलेला मुलगा. जेईईत माझं काही झालं नाही, सीईटीने तारलं. या लोकांच्या लेखी मी घोकंपट्टीवाला. कुंपण कसं सरकतं ते मला इथे नीट दिसलं, कारण या वेळी मी बाहेरच्या बाजूला होतो.

पुस्तकाबद्दल माझ्या तक्रारी दोन. पहिली, यात बोलणारे बरेचसे जुने, यशस्वी, वरच्या जातींतले पुरुष आहेत. विषयच तो असल्यामुळे ते समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे त्यांच्याच वर्गात शेजारी बसलेल्याने ही मेरिटची भाषा रोज कशी ऐकली, ते कमी कळतं. आरसा धरलाय, पण खोलीत दुसरंही कुणी आहे हे पुसट दिसतं.

दुसरी तक्रार अशी की मग करायचं काय, यावर पुस्तक फारसं बोलत नाही. यूजीसीने २०१२ मध्ये समतेसाठीचे नियम काढले. भेदभावाच्या तक्रारी ऐकायला अधिकारी नेमा, समान संधी कक्ष उघडा. आमच्या कॉलेजातही कक्ष होता. जिन्याखालच्या दारावर पाटी, दाराला कुलूप. आत मोडक्या खुर्च्या आहेत असं म्हणायचे. पुस्तक संपवल्यावर त्या कुलपाचा अर्थ थोडा लागला. कक्ष हा ‘त्यांच्या’साठी असतो असंच सगळे धरून चालतात. ड्रॉइंगच्या मार्कांत काय काय मिसळलंय हे माझ्यासारख्याला विचारणारा कक्ष कुठल्याच विद्यापीठात नसतो. पोस्टरवर वेगवेगळे चेहरे छापून विविधता दाखवता येते. समता तिथे सुरू होते जिथे ज्यांना कधी हिशोब मागितला नाही त्यांना तो मागितला जातो. सुब्रमणियन तो मागतात, म्हणून तक्रारींसकट हे पुस्तक मला मोठं वाटतं.

गेल्या वर्षापासून मी आमच्या कंपनीत फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो. माझ्यापर्यंत रेझ्युमे येतात ते ‘सिक्स्टी पर्सेंट थ्रूआउट’ची चाळणी लागून. दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे साठ टक्के. दहावीत कुणाच्या घरी टेबल होतं हे त्या चाळणीला कळत नाही. दहावीची अट काढून बघू या, असा मेल मी एचआरला टाकला. ‘प्रोसेस आहे’ असं उत्तर आलं. मी पुन्हा मेल टाकलाय. यात शौर्य काही नाही, माझी नोकरी शाबूत आहे.

त्या रूममेटला मी या पुस्तकाची लिंक पाठवली. तो आता नाशिकला सीएनसी मशीन्सचं प्रोग्रॅमिंग करतो. तासाभराने त्याचा रिप्लाय आला.

‘मस्त असेल. पण हे तू वाच, मला माहितीये.’