निरोगी व्यक्तीची संमती : उस्मानाबाद येथील कर्करोग प्रतिबंधक संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना :
रुग्ण संशोधनात सहभागी होतो, तेव्हा त्याला उपचाराची आशा असते. निरोगी व्यक्तीला अशी निकड नसते. म्हणून कर्करोग प्रतिबंधक संशोधनासाठी तिला सहभागी करून घेणे हा केवळ तंत्राचा नव्हे, तर नीतीचाही प्रश्न ठरतो. मराठवाड्याला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. प्रस्तुत लेखात उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीच्या संशोधनाचा या दृष्टीने विचार केला आहे.

संशोधनाचे स्वरूप :
टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने हे काम १९९९ मध्ये सुरू झाले. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची गावे ५२ समूहांत विभागून, यादृच्छिक निवडीने त्यांचे चार गट करण्यात आले. तीन गटांना अनुक्रमे एचपीव्ही विषाणूची तपासणी, पेशींची तपासणी व अॅसेटिक आम्ल लावून केलेली दृष्टितपासणी देण्यात आली. चौथ्या, म्हणजे तुलनेच्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या; त्यांना नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या रोगाने ३४, तर तुलनेच्या गटात ६४ मृत्यू झाले. अन्य दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीलाच प्राधान्य दिले. या संशोधनाचे मोल त्यामुळे नाकारता येत नाही.

चिकित्सा :
तथापि, निवड गावाची झाली, स्त्रीची नव्हे. तपासणीच्या गटातील स्त्री निदान नकार देऊ शकत होती. तुलनेच्या गटातील स्त्रीपुढे नाकारण्यासारखे काहीच नव्हते. आणि सिद्धता मात्र तिच्या तपासणीवाचून राहण्यावरच उभी होती. ग्रामीण भागात अशी तपासणी मुळातच उपलब्ध नव्हती, म्हणून तिचे काही हिरावले गेले नाही, असे समर्थन केले जाते. ते सर्वस्वी निराधार नाही. परंतु प्रगत देशांत पेशी तपासणीने हे मृत्यू अनेक दशके आधीच घटले होते. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा यांनी याच कारणास्तव तुलनेच्या गटावर आक्षेप घेतला. 'नेहमीची सेवा' म्हणजे सेवेचा अभाव असेल, तर त्या अभावाचेच संशोधनाच्या साधनात रूपांतर होते. तपासणी कोठे मिळते हे सांगितले, तरी रोजंदारीवरील स्त्रीला त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. माहिती देणे आणि सोय करणे यांत हे अंतर आहे.

'स्वयंसेवक' या शब्दातील 'स्वयं' येथे कसोटीला लागतो. आपण एका तुलनेचा भाग आहोत, तपासणी अस्तित्वात आहे आणि ती आपल्या गावाला निवडीच्या पद्धतीमुळे मिळणार नाही, या तिन्ही गोष्टी समजल्याशिवाय दिलेला होकार हा स्वेच्छेचा म्हणता येत नाही. निष्कर्ष कितीही उपयुक्त असला, तरी तो ही उणीव भरून काढू शकत नाही.

समारोप :
उद्या असे संशोधन इस्लापूर परिसरात आले, तर लोकांना बोलावण्याचे काम महाविद्यालयांकडे व राष्ट्रीय सेवा योजनेकडे येण्याचा संभव आहे. किनवट तालुक्यात गोंडी, कोलामी, गोरमाटी व तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत. तेथे छापील मराठी संमतिपत्रावरील अंगठा पुरेसा मानता येणार नाही. सहभागींची संख्या वाढविण्यापूर्वी प्राध्यापकांनी दोन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : समजावून सांगणारा कोणत्या भाषेत बोलणार आहे? आणि तुलनेच्या गटाला तपासणी केव्हा मिळणार आहे? यांची उत्तरे लेखी मिळेपर्यंत आपले विद्यार्थी घरोघर पाठवू नयेत.