कॅमेरा-उद्योग आणि डिजिटल गुंतवणूक : एका रूढ निष्कर्षाची चिकित्सा

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अध्यापनात कोडॅक कंपनीच्या उदाहरणाला आता जवळजवळ दृष्टांतकथेचे स्थान प्राप्त झाले आहे. पारंपरिक छायाचित्रण-उद्योगाने डिजिटल तंत्रज्ञानात वेळीच गुंतवणूक केली नाही, म्हणून तो बुडाला, असे तिचे तात्पर्य सांगितले जाते. हे तात्पर्य उत्तरपत्रिकेत लिहिण्यास सोयीचे असले, तरी वस्तुस्थितीशी जुळत नाही.

मुळात डिजिटल कॅमेरा जन्मला तो कोडॅकमध्येच. 1975 मध्ये स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने तयार केलेले यंत्र केवळ 10 हजार बिंदूंचे कृष्णधवल चित्र 23 सेकंदांत कॅसेटवर नोंदवीत असे. पुढे कंपनीने या क्षेत्रात मोठी गुंतवणूक केली आणि 2005 मध्ये अमेरिकेतील डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत ती अग्रस्थानी होती. तरीही 19 जानेवारी 2012 रोजी तिला दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. याचे कारण नफ्याच्या स्वरूपात होते. कोडॅकची कमाई रोळ, रसायने व छपाईचा कागद यांवर होती. कॅमेरा हे रोळ खपविण्याचे निमित्त. विकल्या गेलेल्या प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्यागणिक रोळाचे एक गिऱ्हाईक कमी होत होते. कोळशावर ज्याचे अर्थकारण उभे आहे त्या वरोरा-चंद्रपूर परिसरातील अध्यापकास ही कोंडी विशेष समजावून सांगावी लागणार नाही. पर्याय ठाऊक असणे आणि त्या पर्यायावर आजचे पगार भागविणे या दोन भिन्न गोष्टी होत.

कॅमेरा घडविणाऱ्यांची स्थिती मात्र निराळी होती. 1991 मध्ये कोडॅकने व्यावसायिकांसाठी बाजारात आणलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचा सांगाडा निकॉनच्या ‘एफ-3’चा होता. 1999 मध्ये निकॉनने स्वतःचा ‘डी-1’ आणला, तेव्हा त्यावर 1959 पासून चालत आलेलाच लेन्स-माउंट होता. ग्राहकाच्या कपाटातील जुन्या लेन्स हेच निकॉनचे खरे भांडवल ठरले. लायका कंपनी 2005 मध्ये आर्थिक संकटात सापडली. 2006 च्या ‘एम-8’ने तिलाही 1954 पासूनच्या लेन्सचाच आधार दिला. याउलट डिजिटलमध्ये उतरूनही कोनिका मिनोल्टाने 2006 मध्ये कॅमेरा-व्यवसाय सोडला. तिचा माउंट सोनीने पुढे चालविला. म्हणजे कंपनी गेली, पण माउंट राहिला!

या प्रश्नाला महाराष्ट्रातही एक पूर्वपीठिका आहे, आणि ती पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी 1918 च्या सुमारास स्वदेशी चलत्-चित्र कॅमेरा सिद्ध केला व त्याच बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीने 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. 1931 मध्ये ‘आलम आरा’मुळे बोलपटाचे युग सुरू झाले आणि त्याच सुमारास ही कंपनी बंद पडली. मात्र तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी 1929 मध्ये स्थापिलेल्या प्रभातने 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट दिला. त्याच्या ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळणारे विष्णुपंत दामले हे पेंटरांच्या कॅमेऱ्याच्या जुळणीत सहभागी असलेले कारागीर होते. संस्था अडली, हातचे कसब मात्र नव्या तंत्रात उतरले. पेंटरांनीही पुढे बोलपट केले. तेव्हा त्यांना केवळ नवतेचे विरोधक ठरविणे अन्यायाचे होईल.

भारतीय मध्यमवर्गाच्या परिचयाचा आग्फा क्लिक-3 या चौकटीत कुठे बसतो? बडोद्यात तयार होणाऱ्या त्या साध्या कॅमेऱ्यात 120 च्या रोळावर 12 छायाचित्रे निघत. बदलता येईल अशी लेन्स नाही, जपून ठेवावा असा माउंट नाही. नव्या युगात सोबत नेण्याजोगे त्यात काहीच नव्हते. अशा उत्पादकाला डिजिटल गुंतवणुकीचा सल्ला देणे म्हणजे त्याला दुसराच धंदा सुरू करण्यास सांगणे होय. क्लिकचा खरा वारस मोबाईल ठरला, आणि त्याने डिजिटल कॅमेऱ्यालाही सोडले नाही. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार 2010 मध्ये सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. 2020 मध्ये ती संख्या 89 लाखांच्या आसपास उतरली. त्याच वर्षी ऑलिम्पसने आपला कॅमेरा-विभाग विकण्याचा निर्णय जाहीर केला. ऑलिम्पस डिजिटलमध्ये उशिरा आली, असे तिचे टीकाकारही म्हणणार नाहीत.