रोधकता कमी म्हणजे अपक्षय जास्त?

मराठवाड्यातल्या बेसॉल्टवर संशोधन करायचं ठरवलं असेल, तर विद्युत रोधकता सर्वेक्षणाचे दोन-चार प्रबंध तुमच्या नजरेखालून जातीलच. त्यात एक तक्ता हमखास असतो: ओली काळी माती १० ओम-मीटरच्या आसपास, मुरूम काही दहांत, ताजा अखंड खडक शेकड्यांपासून हजारांपर्यंत. तक्ता ढोबळमानाने ठीकच आहे. माझा आक्षेप तो उलटा वाचण्याला आहे. मोजणीत २० आले की लगेच लिहायचं, 'येथे अपक्षय जास्त'.

आता बघा, आपण मोजतो काय? चार इलेक्ट्रोड एका रेषेत रोवतो, बाहेरच्या दोनमधून प्रवाह सोडतो, आतल्या दोनमधलं विभवांतर घेतो. बेसॉल्टची खनिजं स्वतः वीज फारशी वाहून नेत नाहीत. ते काम भेगा-छिद्रांतलं पाणी, त्यातले क्षार आणि चिकणमाती करतात. तोच मुरूम मे महिन्यात मोजा आणि सप्टेंबरात मोजा, आकडा बदलेल. चार महिन्यांत खडक काही कुजलेला नसतो! तरी कित्येक प्रबंधांत मोजणीचा महिनासुद्धा दिलेला नसतो.

दुसरी गोष्ट आर्चीच्या सूत्राची. १९४२चं हे सूत्र चिकणमाती नसलेल्या वालुकाश्मासाठी होतं. आपला बेसॉल्ट कुजला की स्मेक्टाइट तयार होतं आणि त्याच्या कणांच्या पृष्ठभागावरूनही प्रवाह वाहतो, पाणी गोडं असलं तरी. वॅक्समन आणि स्मिट्स यांनी १९६८ मध्ये चिकणमातीचा हा वाटा हिशेबात धरला. आर्ची तसाच्या तसा लावलात, तर सच्छिद्रता फुगून येते.

खरी फसगत मात्र आलेख उलगडताना होते. दोन जास्त रोधकतेच्या थरांमध्ये २० ओम-मीटरचा ४ मीटर जाड थर असो की १० ओम-मीटरचा २ मीटर, दोन्हींत जाडी भागिले रोधकता ०.२ येते आणि वक्र जवळपास सारखाच दिसतो. सॉफ्टवेअर त्यातला एक निवडून देतं, आपण तो छापतो. पुढे त्याच आकड्यावर एखादा शेतकरी कर्ज काढून विहीर खणतो, हे विसरू नका. शिवाय दोन लाव्हा प्रवाहांमधला चिकणमातीचा तांबडा थर, म्हणजे बोल, हाही कमीच रोधकता दाखवतो. तो कुजलेला असला तरी तो अपक्षय बहुधा वरचा प्रवाह येण्याआधीचा. आजच्या मातीच्या हिशेबात तो कसा धरणार?

म्हणून पद्धत सोडा असं मी म्हणत नाही. संभाजीनगरच्या आसपास जुन्या, न बांधलेल्या विहिरी आहेत. टेप सोडून मुरमाची जाडी मोजा, नमुन्यांचा रासायनिक अपक्षय निर्देशांक काढा (नेस्बिट आणि यंग, १९८२) आणि मग रोधकता त्याशेजारी ठेवा. फक्त इलेक्ट्रोडची रेषा विहिरीच्या काठाला चिकटून घेऊ नका. कोरड्या पोकळीतून प्रवाह जात नाही, आकडा उगाच वाढतो.