शंभर वल्ह्यांची नाव

टिळकांच्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये (१९०३) ध्रुवाकडचं पाणी आहे, खलाशी मात्र नाही. ऋग्वेदातल्या भुज्यूला अश्विनीकुमार भर समुद्रातून शंभर वल्ह्यांच्या नावेत घालून घरी आणतात. टिळकांच्या मते भुज्यू म्हणजे लांबलचक ध्रुवीय रात्रीत बुडालेला सूर्य. युक्तिवाद चपखल आहे, पण मला तो पटत नाही. २०१९च्या पुरात साताऱ्याकडून कोयना-कृष्णेचं पाणी आलं, तेव्हा सांगलीत आजीला आम्ही गॅलरीतून बोटीत उतरवलं. वल्हवणाऱ्याचा दंड ती सोडेचना. सूक्तातला समुद्रही तसाच आहे : पाय टेकायला जागा नाही, हाताला धरायला काही नाही. सूर्याला कशाला हवाय हाताला आधार? आजीला ही गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, “वल्हवत कोण होतं?”