सनद आणि माग

चीनमधील पारंपरिक हस्तकलांच्या संरक्षणाचा विचार करू लागले की प्रथम नजरेत भरतो तो तेथील राज्यकारभाराचा दप्तरी उरक. अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीचा युनेस्कोचा करार २००३ सालचा. चीनने तो २००४ साली मान्य केला, २००६ साली ५१८ विषयांची पहिली राष्ट्रीय यादी जाहीर केली आणि २०११ साली स्वतंत्र कायदाही केला. राष्ट्रापासून तालुक्यापर्यंत चार पायऱ्यांवर नोंदी झाल्या, ‘प्रातिनिधिक वारसदार’ नेमले गेले आणि राष्ट्रीय पातळीवरील वारसदारास सालीना वीस हजार युआनांचा तनखा मिळू लागला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ज्या देशात जुन्या कलाकौशल्याला सरंजामशाहीचे अवशेष म्हणून हिणवले गेले, त्याच देशाने एका पिढीच्या आत हे कार्य उभारावे, ही गोष्ट निःसंशय गौरवाची आहे. परंतु सनद निघते ती बहुधा एकाच्या नावे, आणि कला मात्र क्वचितच एकट्याची असते.

नानजिंगच्या ‘युनजिन’ या मेघवर्णी किनखापाचेच पाहा. छिंग सम्राटांच्या दरबाराला वस्त्रे पुरविणारा मोठा कारखाना याच शहरी होता, आणि ‘लाल हवेलीचे स्वप्न’ या कादंबरीचा कर्ता त्साओ श्वेछिन याचे पूर्वज त्या कारखान्याचे अधिकारी होते. युनजिनच्या उंच लाकडी मागावर दोघे बसतात. वरच्या मचाणावरचा कारागीर दोऱ्यांच्या जुड्या ओढून नेमके तेवढेच ताणे उचलून धरतो, आणि खालचा विणकर त्या फटीतून रंगीत रेशमाचा, सोनेरी कलाबतूचा, क्वचित मोरपिसाच्या तंतूचा बाणा फिरवतो. कोणते ताणे केव्हा उचलावयाचे, हे मूळ चित्रावरून आधीच सुतांच्या गुंफणीत बांधून ठेवलेले असते, आणि ती गुंफण करणे हे पुन्हा एक निराळे कसब आहे. फुलागणिक बाण्याचा रंग बदलता येत असल्यामुळे एकाच पन्ह्यात तेच फूल निरनिराळ्या रंगांत उमलते. पैठणीचा पदर निरखून पाहणाऱ्या मराठी वाचकास जागच्या जागी फिरणाऱ्या बाण्याची ही किमया परकी वाटू नये. दिवसभर दोघे राबले म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर कापड उतरते.

१९५७ साली स्थापन झालेल्या तेथील संशोधन संस्थेने मिंग घराण्यातील वानली सम्राटाच्या थडग्यात सापडलेल्या जीर्ण राजवस्त्राची हुबेहूब प्रतिकृती विणली, आणि २००९ साली ही कला युनेस्कोच्या यादीत आली. त्या प्रतिकृतीमागील व्यासंग मी मनापासून वंदनीय मानतो. तथापि जी कला प्रामुख्याने जुन्या सम्राटांची वस्त्रे पुन्हा पुन्हा विणते, तिच्यात नवी नक्षी जन्मास येण्याचा मार्ग अरुंदच राहणार, हेही स्पष्ट बोलले पाहिजे.

आन्हवेई प्रांतातील चिंगश्येन येथील श्वान कागदाची गोष्ट थोडी वेगळी आहे. चित्रकार व सुलेखनकार यांची मागणी त्याला आजही आहे, त्यामुळे तेथे चिंता गिऱ्हाइकाची नसून कच्च्या मालाची आहे. नील चंदन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वृक्षाची साल व रेताड शेतातील भाताचा पेंढा डोंगरउतारावर महिनोन्‌महिने ऊनपावसात पांढरा होऊ द्यावा लागतो. लगद्यातून कागद उचलणाऱ्या हाताला मान मिळतो. पण तो पेंढा पिकविणारा शेतकरी अधिक उत्पन्नाच्या वाणाकडे वळला तर त्या हाताने उचलावे काय?

कला अशी अनेक हातांवर उभी असते, म्हणूनच हायनान बेटावरील ली समाजाच्या विणकामाचा दाखला मला सर्वांत बोलका वाटतो. कापूस कातणे, रंगविणे, विणणे, भरतकाम करणे ही सारी विद्या आईकडून मुलीकडे जाई. २००९ साली ती युनेस्कोच्या तातडीच्या संरक्षणाच्या यादीत घालावी लागली. पुढे शाळांतून व गावोगावच्या वर्गांतून ती पुष्कळ मुलींच्या हाती गेली, आणि २०२४ साली युनेस्कोने तिला त्या यादीतून प्रातिनिधिक यादीत हलविले. येथे एखाद्या थोर कारागिराचा सन्मान दुय्यम होता. अनेकांना शिकविणे हेच मुख्य कार्य मानले गेले. नानजिंगलाही हेच लागू करावयाचे तर मचाणावर बसून दोऱ्या ओढणाऱ्यास आणि नक्षीची गुंफण करणाऱ्यास विणकराच्या बरोबरीने पद, शिष्य आणि तनखा मिळाला पाहिजे. त्या दोघांखेरीज एकट्या विणकराला तो माग चालविता येत नाही.