‘द स्कार्लेट लेटर’ : पापनिवेदनाला पारखे झालेले गाव

नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी १८५० साली प्रसिद्ध झाली. इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळविलेल्या आमच्या काही वाचकांनी ती महाविद्यालयात वाचली असेल, आणि परीक्षेपुरती वाचून विसरलीही असेल. व्यभिचारिणी ठरलेली एक स्त्री, तिच्या छातीवरचे लाल अक्षर आणि तिच्यावर तुटून पडणारा निष्ठुर समाज, एवढ्यावर परीक्षेच्या मार्गदर्शिका थांबतात. आमच्या मते या कादंबरीचा खरा विषय पापनिवेदन हा आहे, आणि म्हणूनच आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी ती पुन्हा एकदा हाती घ्यावी असे आम्हांस वाटते.

कथा घडते बोस्टनमध्ये, १६४२ ते १६४९ या सात वर्षांत. त्या वेळी त्या वस्तीला जेमतेम एक तप लोटले होते. इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्ये कॅथलिक पंथाचे अवशेष फार उरले आहेत, ते धुऊन काढले पाहिजेत, असे मानणाऱ्या प्युरिटन मंडळींचा मोठा तांडा जॉन विन्थ्रॉप याच्या नेतृत्वाखाली १६३० साली मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागला. पुढच्या दहा वर्षांत सुमारे वीस हजार माणसे न्यू इंग्लंडमध्ये आली. ज्यांनी धर्मासाठी देश सोडला त्यांनीच येथे दुसऱ्याच्या धर्माला थारा दिला नाही. १६४७ च्या कायद्याने जेझुइट धर्मगुरूला हद्दपारी आणि तो परतल्यास मृत्युदंड ठरला. मेरी डायर या क्वेकर स्त्रीला १६६० साली बोस्टनमध्ये फाशी दिले गेले. १६५९ ते १६८१ पर्यंत तेथे नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. मात्र याच लोकांनी १६३६ साली, रान तोडून घरे बांधण्याच्या धामधुमीत, हार्वर्ड महाविद्यालयाची स्थापना केली आणि १६४७ च्या दुसऱ्या एका कायद्याने पन्नास घरांच्या प्रत्येक गावाला मुलांसाठी शिक्षक नेमणे भाग पाडले. त्यांना केवळ खलनायक ठरविणे सोपे आहे; हॉथॉर्नलाही तो मोह पुष्कळदा आवरलेला नाही.

या समाजाने प्रायश्चित्त संस्कार नाकारला. पण माणसाचे मन कबुलीवाचून राहत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये मंडळीचे सभासद व्हायचे तर आपल्या अंतःकरणात देवाच्या कृपेने कसे परिवर्तन घडले याची हकीकत मंडळीपुढे निवेदन करावी लागे. आणि सभासद नसलेल्या पुरुषाला वसाहतीच्या निवडणुकीत मत नव्हते. पाप केलेल्या सभासदाने सभाघरात सर्वांदेखत उभे राहून ते कबूल करावयाचे. म्हणजे कबुली होती, पण तिला दार नव्हते, जाळी नव्हती, गुप्तता नव्हती. एका कानात सांगून हलके व्हायचे, तेथून ती गोष्ट बाहेर जायची नाही, ही सोय त्या गावात कोणापाशीही नव्हती.

कादंबरीतले पाळक आर्थर डिम्सडेल यांची शोकांतिका येथे आहे. हेस्टर प्रिनच्या मुलीचे, पर्लचे, ते पिता आहेत. हेस्टर तान्ह्या मुलीला घेऊन शिक्षेच्या चौथऱ्यावर उभी राहते तेव्हा तिने साथीदाराचे नाव सांगावे म्हणून तिला आवाहन करण्याचे काम त्यांच्याच वाट्याला येते. पुढे ते प्रवचनपीठावरून आपण महापापी असल्याचे सांगतात. पण ते इतके मोघम की श्रोत्यांना त्यात संतांची नम्रता दिसते आणि त्यांची कीर्ती वाढतच जाते. हा भाग हॉथॉर्नने फार सूक्ष्मपणे लिहिला आहे. तपशिलावाचून केलेली कबुली हे एक नवे असत्य होते, हे त्याने ओळखले. ‘मी पापी आहे’ म्हणणे सोपे, ‘मी हे केले’ म्हणणे कठीण, हे रांगेत उभे राहून पापनिवेदनास गेलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको.

ऐकून घेणारा मात्र डिम्सडेलांना मिळतो, आणि तो नेमका चुकीचा. हेस्टरचा नवरा रॉजर चिलिंगवर्थ हा नाव बदलून वैद्य म्हणून गावात राहतो, पाळकांच्याच घरात बिऱ्हाड करतो आणि औषधोपचाराच्या निमित्ताने त्यांचे अंतर्मन उकरीत जातो. समीक्षक त्याला सैतानाचा प्रतिनिधी म्हणतात. आम्हांस तो धर्मगुरूची उलटी प्रतिमा वाटतो. तोही जवळ बसतो, संयमाने ऐकतो, शब्दाशब्दाचे वजन करतो. पण त्याला फक्त गुपित हवे आहे, क्षमा देण्याचा अधिकार नाही आणि इच्छाही नाही. याच्या उलट, सात वर्षे ओठ न उघडता दुसऱ्याचे पाप जपून ठेवणारी एकच व्यक्ती त्या गावात आहे, आणि ती म्हणजे चौथऱ्यावर उभी केलेली हेस्टर.

हॉथॉर्न कॅथलिक नव्हता. तरीही त्याची लेखणी पुनःपुन्हा आपल्याकडे वळते. चौथऱ्यावरच्या हेस्टरकडे पाहून, या गर्दीत एखादा कॅथलिक असता तर त्याला पवित्र माता आणि बालक यांचे चित्र आठवले असते, असे निवेदक म्हणतो. मात्र लगेच तो पावित्र्य आणि पाप यांतले अंतरही दाखवितो. डिम्सडेल कपाटात चाबूक लपवून ठेवतात आणि रोमच्या जुन्या रीतीने स्वतःला फटके मारून घेतात. प्रायश्चित्ताचे शरीर त्यांनी परत आणले, पण क्षमेचा शब्द त्यांच्यापाशी नाही.

आता दोष. इतिहासाशी ताडून पाहता हॉथॉर्न दोन बाजूंनी घसरतो. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३१ पासून व्यभिचाराला देहान्त शिक्षा होती, आणि १६४४ साली मेरी लॅथम व जेम्स ब्रिटन यांना बोस्टनमध्ये खरोखरच फाशी दिले गेले. कपड्यावर अक्षर शिवण्याचा कायदा शेजारच्या प्लिमथमध्ये १६५८ साली आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १६९४ साली आला. नवरा बहुधा समुद्रात बुडाला असेल म्हणून न्यायाधीशांनी दया दाखविली, असे एका नागरिकाच्या तोंडी घालून लेखक ही अडचण निभावून नेतो. म्हणजे कादंबरी येथे वास्तवापेक्षा सौम्य आहे. दुसरी घसरण अधिक महत्त्वाची. जाहीर कबुलीतून केवळ नाचक्कीच पदरी येते, असे तिचे चित्र आहे. परंतु सॅम्युएल स्यूअलचे काय? १६९२ साली सेलममध्ये चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी झाली, त्या न्यायासनावर तो होता. १४ जानेवारी १६९७ रोजी बोस्टनमध्ये भर उपासनेत पाळकांनी त्याची लेखी कबुली वाचून दाखविली, आणि वाचन संपेपर्यंत तो आपल्या जागी उभा राहिला. लोकांनी त्याला टाकले नाही. १७१८ साली तो मुख्य न्यायाधीश झाला. त्याच न्यायासनावर बसलेला, आणि अशी कबुली कधीही न देणारा जॉन हॅथॉर्न हा कादंबरीकाराचा पूर्वज. प्रस्तावनेत हॉथॉर्न आपल्या पूर्वजांची लाज स्वतःच्या शिरावर घेतो. ती लांबलचक प्रस्तावना कंटाळवाणी आहे हे खरे, पण तेवढ्या पानांसाठी ती सोडू नये.

हे वाचताना आम्हां कॅथलिकांना फार ताठ मानेने बसता येणार नाही. पश्चात्ताप करणाऱ्याच्या अंगावर खुणेचा झगा चढविण्याची रीत प्युरिटनांच्या कितीतरी आधी आमच्या इन्क्विझिशनने चालविली होती. १५६० साली स्थापन झालेल्या आणि १८१२ साली कायमच्या बंद झालेल्या गोव्याच्या न्यायालयाने तो ‘सांबेनितो’ येथील माणसांच्या अंगावर घातला. प्रायश्चित्त संस्काराची जाळी ज्यांच्यापाशी होती, त्यांनीही चौथरा उभारलाच. या कादंबरीवर लिहिणाऱ्या कॅथलिक लेखकांनी ही गोष्ट सहसा वगळलेली आम्हांस दिसते.

हॉथॉर्नला हा प्रश्न सुटला नाही. इटलीत राहून आल्यावर १८६० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द मार्बल फॉन’ या कादंबरीत त्याने हिल्डा या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन वंशातील मुलीला संत पेत्राच्या महामंदिरात पापनिवेदनाला बसविले. तिने पाहिलेल्या खुनाचे ओझे ती धर्मगुरूपुढे उतरविते. ती कॅथलिक नसल्याने तिला पापक्षमा मिळत नाही, तरी उठताना तिचे मन हलके झालेले असते. कलाकृती म्हणून ही कादंबरी पहिलीच्या जवळपासही येत नाही. पसरट आहे, प्रवासवर्णनाने फुगलेली आहे. पण ते एक प्रकरण वाचावे.

‘द स्कार्लेट लेटर’मध्ये हेस्टर पुढे गावातील आजाऱ्यांच्या उशाशी बसू लागते, तेव्हा निवेदक तिला सेवाव्रती भगिनीची उपमा देतो. कादंबरी निघाल्याच्या पुढच्या वर्षी, १८५१ साली, हॉथॉर्नला रोझ ही मुलगी झाली. तिने १८९१ साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, १८९६ पासून न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत असाध्य कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा आरंभिली आणि १९०० साली डॉमिनिकन भगिनींचा संघ स्थापन केला. मदर मेरी अल्फॉन्सा या नावाने ती १९२६ साली वारली. मार्च २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिला ‘पूजनीय’ घोषित करण्यास संमती दिली. तिच्या संघाच्या भगिनी आजही रुग्णांकडून किंवा त्यांच्या नातलगांकडून पैसे घेत नाहीत.