एमाने गाळायला लावलेलं वाक्य

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज वर्षातून एकदा तरी येतोच. मत्स्य म्हणजे पाण्यातला जीव, कूर्म म्हणजे उभयचर, वराह म्हणजे सस्तन प्राणी, नरसिंह अर्धा पशू अर्धा माणूस, वामन म्हणजे आदिमानव. थोडक्यात काय, डार्विनने सांगितलं ते आपल्याकडे आधीपासूनच होतं. देव आणि उत्क्रांती यांचं भांडणच नाही. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

कासव उभयचर नसून सरपटणारा प्राणी आहे, हे सोडून देऊ. खरी अडचण वेगळी आहे. अवतार हेतूने येतो, कुणाला तरी तारायला, कुणाला तरी मारायला. नैसर्गिक निवडीला हेतू नसतो. पिलापिलांत थोडेफार फरक असतात. त्यातले काही त्या परिस्थितीत तगून राहायला उपयोगी पडतात आणि पुढच्या पिढ्यांत वाढत जातात. कासव डुक्कर व्हायला निघालेलं नव्हतं. म्हणजे हा मेसेज भांडण मिटवत नाही, उत्क्रांतीतला अवघड भाग गाळून टाकतो.

असं गाळणं खुद्द डार्विनच्याही वाट्याला आलं. 1876 मध्ये, वयाच्या 67व्या वर्षी, त्याने मुलानातवंडांसाठी आत्मचरित्र लिहिलं. त्याच्या मृत्यूनंतर मुलगा फ्रान्सिस याने ते 1887 मध्ये छापलं, पण धर्माबद्दलचे काही भाग वगळून. डार्विनची बायको एमा श्रद्धाळू होती. एक वाक्य गाळ, असं तिनेच मुलाला कळवलं होतं. लहानपणापासून मनावर ठसलेली देवावरची श्रद्धा सोडणं माणसाला तितकंच जड जात असेल, जितकं माकडाला सापाची उपजत भीती सोडणं, अशा अर्थाचं ते वाक्य. डार्विनच्या धार्मिक मित्रांना ते दुखवेल, असं तिला वाटलं. नात नोरा बार्लो हिने 1958 मध्ये पूर्ण आवृत्ती छापली, तेव्हा ही पानं लोकांसमोर आली.

आज ती वाचताना जाणवतं, की देवाला हरवल्याचा आनंद त्यात कुठेच नाही. डार्विन केंब्रिजला शिकला तो पाद्री होण्यासाठी. सृष्टीची रचना एवढी नेटकी आहे म्हणजे रचणारा असणारच, हा विल्यम पेलीचा युक्तिवाद त्याला तेव्हा पटला होता. नैसर्गिक निवडीनंतर तो टिकत नाही, असं तो शांतपणे लिहितो. पण त्याचा आवाज चढतो तो दुसऱ्याच जागी. श्रद्धा नसलेल्यांना कायमची शिक्षा होते, ही शिकवण त्याला घृणास्पद वाटते, कारण त्यात त्याचे वडील, भाऊ आणि जवळचे मित्र येतात. आणि असंख्य प्राण्यांनी अनंत काळ भोगलेल्या यातनांचं काय, हा प्रश्न तर त्याला सोडतच नाही.

म्हणजे उत्क्रांतीने देव खोटा ठरवला, असं हे प्रकरण म्हणत नाही. उत्क्रांतीने देवाच्या बाजूचा एक पुरावा काढून घेतला आणि देवाविरुद्धची एक जुनी तक्रार फार मोठी केली. दुःख आधीही होतंच. पण आता तगणं आणि मरणं हीच जीवसृष्टी घडण्याची रीत ठरली.

या प्रकरणाची मर्यादाही इथेच आहे. डार्विन ज्याच्याशी वाद घालतो, तो व्हिक्टोरियन इंग्लंडमधला घड्याळजी देव आहे. आपल्याकडेही उदयनाचार्यांनी जगावरून त्याच्या कर्त्याचं अनुमान केलं. पण पंढरीच्या वाटेवर चालणारी आजी विठोबाला मानते ती अनुमान काढून नाही. नामदेव-जनाबाई त्याच्याशी भांडतात, रागावतात, त्याला शिव्या देतात. पेली पडला म्हणून या नात्याला धक्का बसत नाही. यातनांचा प्रश्न मात्र तिथेही उरतो. फरक एवढाच, की तिथे तो गाळावा लागत नाही, देवाला तोंडावर विचारता येतो.

मग जमतं का दोन्ही? डार्विनचं उत्तर त्याच्या 1879 मधल्या एका पत्रात आहे. एखादा माणूस उत्कट आस्तिक आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो, यावर शंका घेणंच त्याला निरर्थक वाटतं. त्यात तो हार्वर्डच्या आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव घेतो. ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि अमेरिकेत डार्विनची बाजू लढवत होता. याच ग्रेला 1860 मध्ये डार्विनने लिहिलं होतं, की जिवंत अळीला आतून खाणारी गांधीलमाशी दयाळू देवाने मुद्दाम बनवली असेल, हे आपल्याला पटत नाही. दोघांचं एकमत झालं नाही. मैत्री टिकली.

मला वाटतं, जमतं, पण फुकट नाही. श्रद्धावंताला देवाकडून कारागिराचं काम काढून घ्यावं लागतं आणि त्या अळीकडे नजर न चुकवता बघावं लागतं. नास्तिकालाही मान्य करावं लागतं, की जीव कसे बदलत गेले हे सांगणारा सिद्धांत मुळात काहीतरी का आहे, हे सांगत नाही. डार्विन स्वतः शेवटी अज्ञेयवादावर थांबला.

एमाने गाळायला लावलं ते प्रेमापोटी. ग्रुपवरचे काकाही बहुधा प्रेमापोटीच फॉरवर्ड करतात. पण गाळलेलं वाक्य परत आल्यावर डार्विन लहान झाला नाही. देवही होऊ नये.